न खपलेल्या कॅसेटी

माझा दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. बारावी झाल्यावर तो सुरतेला एका कापडाच्या मिलमध्ये कामाला लागला. नवापूरच्या डोंगराकडेच्या आमच्या गावाला सुरत हेच शहर. मुंबई-पुणं आम्ही पुस्तकातच वाचलेलं. वडील लवकर गेलेले, शेत आई बघायची. नाताळला घरी येताना गावातले बाकीचे लोक साड्या आणायचे, स्टीलचे डबे आणायचे. दादा कॅसेटी आणायचा. त्याही परदेशी, आणि परदेशीतल्याही कुणी न घेतलेल्या.

सुरतेत रविवारी जुन्या मालाचा बाजार भरायचा. तिथे एक म्हातारा हातगाडीवर कॅसेटी विकायचा. हिंदी पिक्चरच्या कॅसेटी दुपारपर्यंत संपत. नाचायच्या इंग्रजी गाण्यांनाही गिऱ्हाईक असे. गाडीच्या खालच्या फळीवर एक खोकं असायचं, त्यात उन्हाने पांढरी पडलेली कव्हरं, तडकलेल्या डब्या. त्यांना कुणी हात लावत नसे. दादा तेवढंच खोकं उपसत बसायचा. म्हातारा म्हणायचा, तूच ने बाबा, नाहीतर मी गटारात टाकणार आहे.

दादा गिटार शिकला होता मिशनच्या वसतिगृहात. रविवारी प्रार्थनेला वाजवायचा. इंग्रजी मात्र त्याचं कच्चं होतं. माझं बरं होतं, म्हणून कॅसेटच्या डबीतला घडी केलेला कागद तो माझ्यापुढे टाकायचा. त्यावर गाण्यांचे शब्द मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेले असत. मी आठवीत होते. शाळेचा शब्दकोश मांडीवर घेऊन मी एकेक ओळ आमच्या बोलीत सांगायची आणि दादा ओट्यावर टेपरेकॉर्डर लावून ऐकायचा. सेल उतरले की आम्ही ते उन्हात तापवायचो, पुन्हा दोन गाणी निघायची.

एक अल्बम होता कुठल्यातरी थंड मुलखातल्या माणसाचा. बारा तारांची गिटार, आणि मागे फक्त एक व्हायोलिन. त्याचं गाव धरणात गेलं होतं. अख्खी एक बाजू त्याने त्या गावातल्या घरांवर गायली होती, घर क्रमांक एक, घर क्रमांक दोन, असं करत. आमच्या आजीचं माहेर उकाई धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. मी अर्थ सांगितला तेव्हा आई चुलीजवळून उठून बाहेर आली आणि म्हणाली, "त्यालाही जागा दिली का मग दुसरी?" त्या कागदावर ते लिहिलेलं नव्हतं.

दुसरा एक होता चौघा पोरांचा. कव्हरवर नांगरलेलं शेत, नादुरुस्त ट्रॅक्टर, आणि त्याला टेकून उभी असलेली ती चौघं. त्यांचा ड्रमवाला दर वेळी जरासा उशिरा यायचा. दादा म्हणायचा, तो थकलेला आहे, दिवसभर काम करून आला आहे, ऐक. आणि एक बाई होती, पेटीसारखं काहीतरी वाजवत गाणारी. तिचा हा एकच अल्बम, यापुढे गाणार नाही असं तिने कागदावरच छापलं होतं. असल्या तीसेक कॅसेटी त्याने पत्र्याच्या ट्रंकेत ठेवल्या होत्या.

मी एकदा विचारलं, "दादा, चांगल्या असत्या तर लोकांनी घेतल्या नसत्या का?"

तो म्हणाला, "लोकांनी ऐकल्याच नाहीत बाई. ऐकून टाकल्या असत्या तर गोष्ट वेगळी."

मग त्याच्या डोक्यात स्वतःची कॅसेट काढायचं आलं.

चौघं जण होते. दादा गिटार आणि गाणं. खांडबाऱ्याजवळच्या एका गावातला त्याचा वसतिगृहातला मित्र, त्याने बेस गिटार कुठून तरी मिळवलेली. लग्नाच्या बँडमधला एक ड्रमवाला. आणि आमचे फुवा, आत्याचे यजमान, जे दुधी भोपळ्याची पावरी, आमच्याकडचं फुंकायचं वाद्य, वाजवायचे. फुवांना त्यावेळी साठ वर्षं तरी झाली असतील. दादाने त्यांना समजावलं की विजेच्या गिटारीबरोबर वाजवायचं आहे. फुवा म्हणाले, "मी माझं वाजवीन. तुम्ही तुमचं वाजवा. मध्ये कुठे भेटलो तर भेटलो."

गाणी आमच्या बोलीतली होती. ऊसतोडीला गेलेल्या घराची दारं, सुरतेच्या मिलमधला धागा, रेल्वे फाटकावर थांबलेली म्हैस. आठ गाणी. दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात मी गायले आहे. मी तेव्हा सोळाची. सुरतेतल्या एका छोट्या स्टुडिओत एका दिवसात सगळं रेकॉर्डिंग उरकलं. भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेले होते आणि पंखा चालू ठेवता येत नव्हता. फुवांचा सदरा पाठीला चिकटला होता. ते डोळे मिटून वाजवत होते आणि काचेपलीकडचा रेकॉर्डिंगवाला, ज्याने सकाळपासून आमच्याकडे धड पाहिलं नव्हतं, तो खुर्चीवरून उठून उभा राहिला होता. दादाने मला कोपराने ढोसून ते दाखवलं. इतका खूश तो मला नंतर कधी दिसला नाही.

कॅसेटी तयार होऊन आल्या. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी ऐकली आणि सांगितलं की ही देवाची गाणी नाहीत, मग प्रार्थनाघरात कशी ठेवायची. लग्नघरांनी सांगितलं की याच्यावर नाचता येत नाही. नवापुरात दादा ज्या दुकानात गेला तिथला दुकानदार खानदेशातला होता. त्याने काउंटरवरच दोन मिनिटं लावून बघितली.

"भाऊ, हाई मन्हा दुकानमा कोन ली? लगीनमा वाजाडानं काही शे का तुन्हाकडे?"

दादाने कॅसेट काढून घेतली आणि म्हणाला, "नही, लग्नात वाजवायचं नाही."

खोकी घरी आली आणि कोठाराच्या कोपऱ्यात राहिली. बँडही राहिला नाही. ड्रमवाला आपल्या लग्नांना परत गेला. फुवा पुढच्याच पावसाळ्यात वारले. बेस वाजवणारा मित्र काही दिवस येत राहिला, दोघं अंगणात बसायचे, मग तोही यायचा थांबला. सुरतेची ती मिल बंद झाली तेव्हा दादा घरी आला आणि नवापूरजवळच्या एका पोल्ट्रीत शेडवर कामाला लागला. सकाळी सायकलने जायचा, संध्याकाळी यायचा, कपड्यांना भुशाचा आणि विष्ठेचा वास. खोक्यांकडे त्याने दोन वर्षं वळूनही पाहिलं नाही.

आता मी जे सांगणार आहे ते मी कित्येक वर्षं कुणाला सांगितलेलं नाही.

त्या वर्षी ज्वारी दाण्यावर आली आणि पोपटांनी शेतावर धाड घातली. आमच्याकडे तेव्हा कॅसेटची फीत काढून शेतात ताणायची पद्धत होती. उन्हात ती चमकते, वाऱ्यात भणभणते, पाखरं बिचकतात. मी नर्सिंगच्या प्रवेशाची वाट पाहत घरी होते. आधी मी घरातल्या तुटक्या, जुन्या पिक्चरच्या कॅसेटी फोडल्या. ज्वारीच्या दोन ओळींतच संपल्या. आई म्हणाली, "त्या कोठारातल्या खोक्यांना उंदीर लागलेत. त्यांचं बघ काय ते."

दादाच्या ट्रंकेला हात लावायची माझी छाती नव्हती. त्यातल्या कॅसेटी परदेशी होत्या, मोलाच्या वाटायच्या. पण खोक्यातल्या आमच्याच होत्या. मी एक फोडली, मग दुसरी. दोन दिवस मी बांधाबांधाने खुंट्या ठोकून त्या फिती ताणत होते. शेवटची खोकी रिकामी झाली तेव्हा मला काम संपल्याचं बरंही वाटलं होतं.

दादा संध्याकाळी सायकल हातात धरून बांधावरून आला. शेताच्या कडेला थांबला. फिती सळसळत होत्या. त्याने खाली पडलेली प्लास्टिकची रिकामी डबी उचलून पाहिली.

"किती फोडल्यास?"

"सगळ्या."

"एकपण ठेवली नाहीस?"

"तू ठेवली असशील ना."

"मी कशाला ठेवू? घरात खोकी भरून होत्या."

त्याने सायकल बांधाला टेकवली, चपला काढल्या आणि शेतात उतरला. एका खुंटीजवळ फीत लोंबत होती. "इथे ढिली आहे," तो म्हणाला, "तिकडून ओढ." मी ओढली. त्याने गाठ मारली. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघांनी ढिल्या पडलेल्या दोन ओळी ताणून पुऱ्या केल्या. तो रागावला असता तर मला हे आजवर वाहावं लागलं नसतं, असं मला वाटतं. त्याने त्या दिवसाचा विषय पुन्हा कधीच काढला नाही.

माझं नर्सिंग झालं, मी आरोग्यसेविका म्हणून उपकेंद्रावर लागले. मग पोल्ट्रीत रोग आला. सरकारी माणसं आली, सगळ्या कोंबड्या मारायचा हुकूम झाला. ज्या मजुरांनी त्यांना वाढवलं होतं, त्यांच्यातलेच काही या कामाला घेतले. दादा त्यांत होता. पांढरा झगा, तोंडाला फडकं, हातात मोजे. पोत्यात भरायच्या, खड्ड्यात टाकायच्या, वर चुना. किती दिवस चाललं ते मला नीट आठवत नाही, कारण त्याला घरी सोडत नव्हते. मी उपकेंद्रातून चौकशी करायची. एकदा रस्त्याच्या पलीकडून तो दिसला, चुन्याने भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या. मी हात केला. त्याने मला ओळखल्यासारखं दिसलं नाही.

परत आल्यावर त्याने गिटार प्रार्थनाघराला देऊन टाकली. आईने कारण विचारलं तर म्हणाला, "कानात अजून तीच कलकल आहे. त्याच्यावर काय वाजवू?"

खोकला त्याला आधीपासून होता, मिलच्या दिवसांपासून. मग तो वाढला. मी त्याला नवापूरला नेलं, नंदुरबारला नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो खिडकीसमोर धरून मला दाखवला, मी त्यांच्याच कामातली म्हणून. इतक्या वर्षांची धूळ आहे, ते म्हणाले, मिलची म्हणा, शेडची म्हणा, फुप्फुसं आतून घट्ट झाली आहेत. ती सैल व्हायची नाहीत. शेवटची तीन वर्षं दादा ओट्यावर उशीला टेकून बसायचा. एक वाक्य बोलायला त्याला दोनदा थांबावं लागायचं. पाणी दे, म्हणताना 'पाणी' नंतर थांबायचा. एका दुपारी मी जेवायला घरी आले तेव्हा तो गेला होता. आई त्याच्या पायांशी बसून तूर निवडत होती. तिला वाटलं झोपला आहे.

तो गेल्यावर वर्षभराने मी ट्रंक उघडली. फिती बुरशीने चिकटलेल्या, टेपरेकॉर्डर केव्हाच गेलेला. पण कव्हरं वाचता येत होती. उपकेंद्रात लसीकरण आटोपून रिकामी बसले असताना मी त्यांतलं एक नाव मोबाइलवर टाकून पाहिलं. धरणातल्या गावाचा अल्बम निघाला. मी कानाला लावला आणि पहिल्या घराच्या गाण्याला मला शब्दकोशाची पानं दिसायला लागली. खाली जगभरच्या लोकांनी लिहिलेलं होतं. इतकी वर्षं हे कुठे होतं? हा माणूस इतका दुर्लक्षित कसा राहिला? कुणीतरी तो नव्याने छापला होता. चौघा पोरांचाही सापडला. पेटीवाल्या बाईला कुणीतरी म्हातारपणी शोधून काढलं होतं आणि ती एका छोट्या हॉलमध्ये पुन्हा गायली होती.

मी सगळे शोधले. महिनाभर माझा तोच उद्योग होता. आनंद व्हायला हवा होता. मला संताप येत होता. दादाने हे सगळं हातगाडीच्या खालच्या फळीवर ओळखलं होतं, एकट्याने, धड इंग्रजी येत नसताना, आणि हे लोक आता एकमेकांना शाबासकी देत होते.

मग मागच्या वर्षी एक फोन आला. बडोद्याची एक मुलगी. जुन्या, विस्मृतीत गेलेल्या कॅसेटी गोळा करते, म्हणाली. व्याऱ्याच्या एका भंगारवाल्याकडे तिला एक कॅसेट मिळाली होती. तिने ती साफ करून नेटवर टाकली होती. कव्हर अर्धं फाटलेलं, नावं गेलेली, फक्त गावाचं आणि पोस्टाचं नाव राहिलेलं. त्यावरून ती आमच्या ग्रामपंचायतीपर्यंत आणि तिथून माझ्यापर्यंत पोहोचली. तिने पाठवलेलं पान मी उघडलं. त्यावर लिहिलं होतं: सीमाभागातील आदिवासी रॉक, कलाकार अज्ञात.

ती आठवड्याने घरी आली. हसरी, मोकळी मुलगी, पाठीवर पोतं भरून यंत्रं. मराठी तोडकंमोडकं, पण आम्हाला गुजराती येतं. आम्ही ओट्यावर बसलो आणि तिने स्पीकर लावला. फुवांची पावरी सुरू झाली. मग दादाचा आवाज आला, पूर्ण, भरलेला, एका श्वासात चार ओळी. मी तोंडावर पदर धरला. ती मुलगी लांब बघत राहिली.

दुसरी बाजू शेवटच्या गाण्यापर्यंत नीट होती. त्या गाण्यात मी एक कडवं गायले, आणि दुसरं सुरू होणार तेवढ्यात खट्ट आवाज झाला आणि कुणाच्या तरी लग्नातलं बोलणं लागलं. वरात कुठवर आली, जनरेटरवाल्याला बोलवा. कुणीतरी त्या जागेवर टेप केलं होतं.

"मावशी, दुसरी प्रत असेल ना?" तिने विचारलं. "तुमच्या घरात तर असणारच. तेवढं गाणं पूर्ण झालं की नीट छापता येईल."

मी तिला ज्वारीचं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "तुम्ही लहान होता."

"एकोणीस वर्षांची होते," मी म्हटलं. "लहान नव्हते."

प्रत असलीच तर बेस वाजवणाऱ्या मित्राकडे असेल. दुसऱ्या दिवशी आम्ही खांडबाऱ्याकडे गेलो. चौघांतला तोच जिवंत होता. ड्रमवाल्याला जाऊनही बरीच वर्षं झाली होती. मित्र गोठ्यात म्हशीला चारा टाकत होता. केस पांढरे, एक पाय ओढत चालणारा. मला ओळखलं, दादाचं विचारलं नाही, कारण दादाच्या मातीला तो आला होता. मुलीने त्याला मोबाइलवर पान दाखवलं. लोकांनी काय काय लिहिलंय ते मी वाचून दाखवलं. कुणी म्हणत होतं की हा बेस ऐकून अंगावर काटा येतो.

त्याने हातातली पेंढी खाली ठेवली. "कुठले लोक हे?"

"सगळीकडचे," मुलगी म्हणाली. "जपानचेपण आहेत. खूप जण ऐकतात काका."

"तेव्हा पन्नास जण पुरले असते," तो म्हणाला.

तिने स्पीकर काढायला पिशवीत हात घातला. त्याने नको म्हणून मान हलवली. कॅसेट त्याच्याकडेही नव्हती. सून घरात आली तेव्हा भंगारात गेली. आम्ही निघालो तेव्हा तो दारापर्यंत आला आणि मला म्हणाला, "मी यायचा थांबलो होतो. तुझ्या दादाला वाईट वाटलं होतं का?" मला खरं माहीत नव्हतं. मी नाही म्हटलं. त्याने ते मानलं असं मला वाटलं नाही.

मुलगी बडोद्याला परत गेली. 'अज्ञात' काढून तिथे चौघांची नावं आली आहेत, माझंही आहे. शब्द मी लिहून पाठवले, बोलीतले आणि त्यांचा अर्थ. शेवटच्या गाण्याचं दुसरं कडवं मला शब्दांसकट आठवतं. तिने फोनवर ते गाऊन दाखवा म्हटलं. मी दोनदा सुरुवात केली. चाल येत नाही. पहिल्या कडव्याचीच येते, आणि दुसऱ्याची तशी नव्हती, एवढं नक्की आठवतं.

ती गेल्यानंतर एका रविवारी प्रार्थनेहून आल्यावर मी आईला कॅसेट ऐकवली. आई आता पंच्याऐंशीच्या घरात आहे, पण कान शाबूत आहेत. अंगणात ऊन आलं होतं, ती सुपात डाळ पाखडत होती. पहिली बाजू तिने सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकली. पावरी लागली तेव्हा लगेच म्हणाली, "हे आपले फुवा." मग थोडा वेळ गेला. दादा गात होता, मिलच्या धाग्याचं गाणं.

"आणि हा कोण?" तिने विचारलं.

"आई, दादा आहे."

तिने सूप थांबवून कान दिला. गाणं संपेपर्यंत तशीच होती.

"नाही ग," ती म्हणाली. "त्याला एवढा दम कुठे होता."

मी तिला पुन्हा सांगितलं. ती बरं म्हणाली, आणि डाळ पाखडू लागली.